फ्रेंच लेखकांनीं पाहिलेलीं घरें

एखाद्या माणसाची सांपत्तिक स्थिति खालावत चालली आहे हें सांगावयाचें झाल्यास आपण त्याचें कर्ज सांगूं, मोडलेले दागिने सांगूं, फार तर त्याचा विरलेला कोट दाखवूं. ओनोरे द बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकारानें याहून सोपी युक्ति योजिली. त्यानें आपल्या नायकाला जिना चढावयास लावलें.

१८३४-३५ सालीं क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘ल पेर गोरिओ’ या कादंबरींत शेवयांच्या व्यापारांत गबर झालेला गोरिओ नांवाचा म्हातारा धंदा सोडून पॅरिसमधील मादाम व्होके या बाईच्या खाणावळींत राहावयास येतो. आरंभीं तो पहिल्या मजल्यावरच्या ऐसपैस खोल्या घेतो आणि वर्षाला बाराशें फ्रँक देतो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो दुसऱ्या मजल्यावर जातो. आकार नऊशें फ्रँकांवर येतो. तिसरें वर्ष सरतां सरतां तो तिसऱ्या मजल्यावर पोंचतो, महिना ४५ फ्रँकांच्या एका भिकार खोलींत. त्याच्या दोन मुली मोठ्या घरीं दिलेल्या आहेत आणि त्याच बापाला पिळून घेत आहेत, हें वाचकाला मागाहून कळतें. परंतु म्हातारा बुडत चालला आहे ही गोष्ट जिन्याच्या पायऱ्यांनीं अगोदरच सांगून टाकलेली असते.

माणूस वर चढत जातो आणि त्याचें दैव उतरत जातें, हा प्रकार आपणांस उलटा वाटेल. उंच इमारतीच्या माथ्यावरील जागेला आज अधिक मोल पडतें. परंतु लिफ्ट येण्यापूर्वींच्या पॅरिसमध्यें प्रत्येक जिना हा एक दंड होता, आणि ज्याच्या गांठीं पैसा असे तो हा दंड टाळीत असे. रस्त्यालगत दुकानें, त्यांवर पहिल्या मजल्यावर घरमालक किंवा एखादा सावकार, त्यावर मध्यम स्थितींतला गृहस्थ, त्याच्याहि वर कारकून व कारागीर, आणि छपराखालच्या पोटमाळ्यांत विद्यार्थी, मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या पोरी व उपाशी कवि, अशी ही उतरंड होती. १८४५ सालीं बेर्ताल या चित्रकाराचें एक चित्र पॅरिसमध्यें फार गाजलें. त्यांत एका घराची समोरची भिंतच जणूं काढून टाकली असून सर्व मजले एकदम उघडे पडले आहेत: पहिल्या मजल्यावर ऐषआरामाला कंटाळलेलें श्रीमंत जोडपें, आणि छपराखालीं दारिद्र्यानें गांजलेलें कुटुंब. दोघांचें छप्पर एक, दार एक, जिना एक. मधलें अंतर काय तें शंभर पायऱ्यांचें.

फ्रेंच भाषेंत घराविषयीं फार लिहिलें गेलें आहे. कोणीं कथेच्या गरजेसाठीं लिहिलें, कोणीं रोगाचें मूळ शोधण्यासाठीं, कोणीं नवा समाज उभारावा म्हणून. त्या लेखनाचा सुमारें दोन शतकांचा प्रवास आज थोडक्यांत सांगावा असा माझा विचार आहे. तो सांगतांना एक प्रश्न मात्र मी सतत जवळ बाळगणार आहे. ज्या घरांविषयीं एवढें लिहिलें गेलें, त्या घरांत राहणाऱ्यांचें स्वतःचें म्हणणें या लेखनांत कोठें सांपडतें काय?

आरंभ मेर्सिएपासून करावयास हवा. लुई-सेबास्तिएँ मेर्सिए हा पायीं भटकणारा लेखक. १७८१ ते १७८८ या वर्षांत, म्हणजे राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावर, त्यानें ‘ताब्लो द पारी’ या नांवाचे बारा भाग प्रसिद्ध केले. त्यापूर्वींचे लेखक पॅरिसचें वर्णन करावयास बसले म्हणजे राजवाडे, देवळें आणि पूल यांची यादी देत. मेर्सिएनें देवळें इतरांवर सोंपविलीं आणि तो गल्लीबोळांतून हिंडला. सँ-मार्सेल या दरिद्री उपनगराचें वर्णन करतांना तो सांगतो, कीं येथें एक अख्खें कुटुंब एकाच खोलींत राहतें, चार उघड्या भिंतींखेरीज तेथें दृष्टीस कांहीं पडत नाहीं, आणि दर तीन महिन्यांनीं हे लोक एका बिळांतून दुसऱ्या बिळांत जातात, कारण भाडें थकल्यामुळें त्यांना हांकलून दिलेलें असतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर अशी आपल्याकडे म्हण आहे. पण विंचू निदान आपल्या मर्जीनें हलतो. मेर्सिएच्या त्या कुटुंबाला हलविणारा दुसराच कोणी होता. तीन महिन्यांची ती मुदत ध्यानांत ठेवावी. शेवटीं आपल्याला तिच्याकडे परत यावयाचें आहे.

मेर्सिएजवळ तीक्ष्ण दृष्टि होती. परंतु ती एका रसिक फिरस्त्याची दृष्टि होती. अर्ध्या शतकानंतर याच विषयाकडे एक वैद्य वळला आणि लेखनाचा सूर पालटला. लुई-रने व्हिलेर्मे हा मूळचा नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य. लढाया संपल्यावर त्यानें आंकड्यांची कास धरली. पॅरिसच्या निरनिराळ्या विभागांत मृत्यूचें प्रमाण निरनिराळें कां, या कोड्याचा त्यानें १८२० नंतरच्या दशकांत छडा लावला. त्या काळचे विद्वान म्हणत, कीं दोष नदीच्या सान्निध्याचा असेल, वाऱ्याच्या दिशेचा असेल, जमिनीच्या उंचीचा असेल. व्हिलेर्मेनें एक एक कारण आंकड्यांशीं ताडून पाहिलें आणि तीं सारीं बाद केलीं. उरलें तें एकच: जेथें गरीब राहतात तेथें माणसें लवकर मरतात. आज हें वाक्य शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक आहे. त्या काळीं तें सिद्ध करून दाखवावें लागलें.

पुढें नीतिशास्त्र व राज्यशास्त्र यांच्या फ्रेंच अकादमीनें कापूस, लोंकर व रेशीम यांच्या गिरण्यांतील मजुरांची स्थिति पाहण्याचें काम व्हिलेर्मेवर सोंपविलें. तो गांवोगांव हिंडला, घरांत शिरला, आणि १८४० सालीं त्याचा दोन भागांचा अहवाल प्रसिद्ध झाला. आल्सास प्रांतांतील म्युलूझ येथील त्याचें वर्णन वाचतांना आजहि मन विषण्ण होतें. शहरांतलें भाडें परवडत नाहीं म्हणून मजूर कोसाकोसावरच्या खेड्यांतून राहात. पहांटे व रात्रीं चिखलांतून अनवाणी चालणाऱ्या बायका, पावसांत डोक्यावर ओढून घेतलेले त्यांचे ओचे, त्यांच्या मागोमाग हातांत भाकरीचा तुकडा धरून जाणारीं फिकट पोरें, हें सारें त्यानें टिपून ठेवलें. खोलींत दोन दोन कुटुंबें. एक या कोपऱ्यांत, एक त्या कोपऱ्यांत. फरशीवर पसरलेला पेंढा दोन फळ्यांनीं अडविलेला, हाच बिछाना. आणि मग एक गणित. कारखानदाराच्या घरीं जन्मलेल्या मुलांपैकीं निम्मीं वयाच्या २९व्या वर्षापर्यंत पोंचत. विणकराच्या व गिरणींतील साध्या मजुराच्या घरीं जन्मलेल्यांपैकीं निम्मीं दोन वर्षांचीं होण्यापूर्वींच जात.

उत्तरेंतील लील शहरांत तो तळघरांत उतरला. या तळघरांचें दार म्हणजे रस्त्याच्या कडेला असलेलें एक झांकण. तेंच दार, तीच खिडकी, तोच हवेचा मार्ग. बाहेरच्या जगाहून तेथें दिवस उशिरां उगवे आणि लवकर मावळे. परंतु व्हिलेर्मेचा प्रामाणिकपणा असा, कीं तळघरें हींच सर्वांत वाईट हा रूढ समज त्यानें तसाच उचलला नाहीं. पोटमाळे त्याहूनहि वाईट, असा त्याचा निर्णय होता. तेथें उन्हाळ्यांतील उष्म्याला आणि हिवाळ्यांतील थंडीला कांहींच आडोसा नसे.

या अहवालानंतर १८४१ सालीं फ्रान्समध्यें बालमजुरीवर निर्बंध घालणारा पहिला कायदा झाला. वीसांहून अधिक मजूर असलेल्या कारखान्यांत आठ वर्षांखालील मुलांस कामावर घेऊं नये आणि आठ ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला आठ तासांहून अधिक काम घेऊं नये, असें त्यांत ठरलें. आपणांस हा दिलासा अगदींच तोकडा वाटेल. आणि तो नीट अमलांतहि आला नाहीं, कारण तपासनिसाचें काम बिनपगारी हौशी गृहस्थांवर सोंपविलें होतें. तथापि घरांत शिरून लिहिलेल्या शब्दांमुळें विधिमंडळ हललें, ही गोष्ट लहान नव्हे.

व्हिलेर्मेच्या लेखनांत एक उणीवहि आहे, आणि ती लपविणें योग्य होणार नाहीं. मजुराची खोली त्यानें जितकी बारकाईनें पाहिली तितका मजूर ऐकला नाहीं. दारू, उधळपट्टी आणि सैल नीति यांना तो वारंवार दोष देतो. एका बिछान्यावर आईबाप, मुलें व पाहुणे झोंपलेले पाहून तो शरमेनें वर्णन अर्धवट सोडतो. दुसरा बिछाना विकत घेण्यास किती आठवड्यांची मजुरी लागली असती हा प्रश्न मात्र मागें राहतो.

लीलच्या तळघरांचा पाठपुरावा पुढें अर्थशास्त्रज्ञ आदोल्फ ब्लांकी यानें केला. १८४८ च्या क्रांतीनंतर त्यानें मजूरवर्गाची जी पाहणी केली ती १८४९ सालीं प्रसिद्ध झाली. १३ एप्रिल १८५० रोजीं आरोग्यास अपायकारक अशा भाड्याच्या घरांविषयींचा कायदा मंजूर झाला. त्याचा कर्ता आर्मां द मेलँ. चौकशी-मंडळ नेमावें कीं न नेमावें हें नगरपालिकेच्या मर्जीवर ठेवलें असल्यामुळें, आणि नगरपालिकांत घरमालकांचाच भरणा असल्यामुळें, बहुतेक ठिकाणीं मंडळें नेमलींच गेलीं नाहींत. कुंपणानेंच शेत राखावें तशांतला हा प्रकार होता. १८५१ च्या फेब्रुवारींत व्हिक्टर ह्यूगो स्वतः ब्लांकीबरोबर लीलला गेला आणि त्या तळघरांत उतरला. तो त्या वेळीं विधिमंडळाचा सभासद होता. परत येऊन त्यानें भाषण लिहिलें, पण तें करण्याचा योग आला नाहीं. डिसेंबरांत लुई-नेपोलियननें सत्ता बळकावली आणि ह्यूगोला देशत्याग करावा लागला. सभागृहांत जें बोलतां आलें नाहीं तें पुढें १८५३ च्या ‘ले शातिमां’ या त्याच्या काव्यसंग्रहांत उतरलें. लीलचीं तळघरें अशा रीतीनें फ्रेंच कवितेंत अमर झालीं; त्यांत राहणारे लोक मात्र तेथेंच राहिले.

येथवर घराकडे बोट दाखविणारे लेखक आपण पाहिले. आतां घर बांधूं पाहणाऱ्यांकडे वळूं.

शार्ल फुरिए हा एक विक्षिप्त प्रतिभेचा मनुष्य. व्यापारी पेढीवर नोकरी करीत त्यानें आयुष्य काढलें आणि रात्रीं बसून जगाची नवी मांडणी केली. १८२२ व १८२९ सालच्या त्याच्या ग्रंथांत ‘फालान्स्तेर’ या नांवाच्या एका विराट वास्तूची कल्पना आहे. तींत १६२० माणसें राहावयाचीं, कारण फुरिएच्या मतें मनुष्यस्वभावाचे ८१० प्रकार असून प्रत्येकाचे स्त्री व पुरुष असे दोन नमुने हवेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कांचेनें झांकलेला मार्ग, म्हणजे पावसांतहि पाऊल न भिजतां शेजाऱ्याकडे जातां यावें. १८३७ सालीं तो वारला तेव्हां त्याचा एकहि प्रासाद यशस्वीपणें उभा राहिलेला नव्हता.

तो उभा केला एका लोहारकाम करणाऱ्यानें. झां-बातिस्त आंद्रे गोदँ याचा जन्म १८१७ सालीं एका कुलुपें करणाऱ्या कारागिराच्या घरीं झाला. तरुणपणीं त्यानें मजुरी करीत फ्रान्सभर प्रवास केला आणि मजुराचीं बिऱ्हाडें अनुभवलीं. पुढें ओतीव लोखंडाच्या शेगड्या करण्याचा कारखाना काढून तो धनवान झाला. फुरिएच्या ग्रंथांचा त्याच्यावर पगडा होता. अमेरिकेंतील टेक्सास येथें फुरिएपंथी लोकांनीं काढलेल्या वसाहतींत त्यानें आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा गुंतविला आणि तो गमावला. दुसरा कोणी असता तर या खोडीपासून कायमचा परावृत्त झाला असता. गोदँनें ठरविलें, कीं यापुढें जें करावयाचें तें परदेशांत नको, दुसऱ्याच्या हातून नको. आपल्या कारखान्याशेजारीं, आपल्या देखरेखीखालीं करावयाचें.

१८५९ सालीं गीज या गांवीं ‘फामिलिस्तेर’ म्हणजे कुटुंबनिवासाचें काम सुरू झालें. मोठमोठे चौक, त्यांवर कांचेचें छत, चौकाभोंवतीं प्रत्येक मजल्यावर सज्जे आणि सज्जांवर उघडणारीं बिऱ्हाडांचीं दारें. प्रत्येक मजल्यावर पाणी. केर टाकण्यासाठीं भिंतींतून खालीं जाणारे नळ. शेजारीं बालकगृह, शाळा, नाट्यगृह, सहकारी दुकानें, धुण्याची जागा आणि पोहण्याचा तलाव. एकूण वस्ती दीड हजाराहून अधिक. १८७१ सालीं ‘सोल्युसिओं सोसियाल’ या ग्रंथांत गोदँनें आपली भूमिका मांडली. तिचा मथितार्थ असा: प्रत्येक मजुराला वाडा देणें शक्य नाहीं, परंतु श्रीमंताच्या वाड्यांत ज्या सोयी नोकरचाकरांमुळें मिळतात, त्या सोयी सर्वांनीं मिळून उभ्या केल्यास मजुरालाहि मिळतील. झोंपडीची लहानशी सुधारलेली आवृत्ति मजुराच्या पदरांत टाकणें त्याला मान्य नव्हतें. तो स्वतःहि त्याच इमारतींत राहात असे. १८८० सालीं कारखाना व निवास हीं दोन्ही कामगारांच्या मंडळाकडे सोंपविण्याची व्यवस्था त्यानें केली. तें मंडळ १९६८ पर्यंत चाललें. आजहि त्या वास्तूंत कांहीं कुटुंबें राहतात आणि कांहीं भागांत वस्तुसंग्रहालय आहे.

याच्या अगदीं उलट मार्ग म्युलूझच्या गिरणीमालकांनीं धरला. ज्या गांवचे अनवाणी मजूर व्हिलेर्मेनें पाहिले होते, त्याच गांवीं १८५३ सालीं झां दोल्फुस याच्या पुढाकारानें मजुरांच्या घरांसाठीं एक संस्था निघाली. एमिल म्युलेर या स्थापत्यविशारदानें चार चार घरें पाठीला पाठ लावून बांधलीं. प्रत्येकाला आपला कोपरा, आपलें दार, आपली लहानशी बाग. हप्त्यांनीं किंमत फेडली म्हणजे घर मजुराच्या मालकीचें. शतक संपेपर्यंत अशीं हजाराहून अधिक घरें झालीं. मालकांचा हिशेब सरळ होता: ज्याला बाग आहे तो गुत्त्यांत जाणार नाहीं, आणि ज्याचे हप्ते चालू आहेत तो संपावर जाणार नाहीं. हिशेब स्वार्थी असला तरी पालक आणि कोबी खरेच उगवत होते, हेंहि विसरतां येत नाहीं.

या दोन मार्गांच्या मध्यें पॅरिसचा एक फसलेला प्रयोग आहे. लुई-नेपोलियनच्या आश्रयानें रोशशूआर रस्त्यावर मजुरांसाठीं एक मोठी इमारत बांधली गेली. इमारत चांगली होती. पण तिला नियमावली होती, पहारेकरी होता आणि रात्रीं दहा वाजतां फाटक बंद होत असे. मजूर तिला बराक म्हणूं लागले आणि तेथें राहावयास नाखूष असत. गरिबाला भिंतींची गरज जितकी असते तितकीच आपल्या दाराची किल्ली आपल्या खिशांत असण्याची असते, ही गोष्ट दात्यांच्या ध्यानांत फार उशिरां आली.

आणि हाच आक्षेप एमिल झोलाच्या मनांत आला. त्यानें आपल्या ‘त्राव्हाय’ या १९०१ च्या कादंबरीसाठीं फुरिए व गोदँ यांचा अभ्यास केला. कादंबरींत त्यानें त्या स्वप्नाचा गौरव केला. परंतु गीजविषयींच्या त्याच्या टिपणांत एक अस्वस्थपणा आहे. कांचेचें घर, शेजाऱ्याची सदैव नजर, एकांताचा अभाव, असे शेरे तेथें आढळतात. झोलाला असें वाटावें यांत नवल नाहीं. सामाईक जिना आणि सामाईक चौक माणसाला कसा घडवितो व मोडतो, हें त्याच्याइतकें कोणीं पाहिलें होतें? १८७७ च्या ‘लासोम्वार’मध्यें झेर्व्हेझ ही धोबीण एका अवाढव्य चाळीच्या दारांत प्रथम उभी राहते आणि मान वर करून ती इमारत न्याहाळते. दरवाज्यांतून रंगाऱ्याच्या कारखान्याचें पाणी वाहात असतें, कधीं एका रंगाचें, कधीं दुसऱ्या. ती तेथें दुकान थाटते, चार दिवस सुखाचे काढते, आणि अखेर त्याच इमारतींत जिन्याखालच्या एका बिळांत मरून पडते. पांच वर्षांनीं ‘पो-बुय’ या कादंबरींत झोलानें प्रतिष्ठितांची इमारत घेतली. पुढचा जिना उबदार आणि नकली संगमरवराचा. मागच्या चौकांत मोलकरणींच्या खिडक्या, आणि त्यांतून खालीं पडणारा केर व शिव्या. घराला दोन जिने असले म्हणजे सत्यालाहि दोन वाटा होतात, एवढें त्यानें दाखवून दिलें.

परंतु मेर्सिए, व्हिलेर्मे, ब्लांकी, ह्यूगो, झोला हे सारे पाहुणे होते. ते वही घेऊन आंत गेले आणि वही मिटून बाहेर आले. गोदँनें मजुराचें बिऱ्हाड भोगलें होतें खरें. पण लेखणी हातीं घेतली तेव्हां तो मालक झाला होता. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मला एका गवंड्याच्या पुस्तकांत सांपडतें.

मार्तँ नादो याचा जन्म १८१५ सालीं मध्य फ्रान्समधील क्रूझ या निकृष्ट जमिनीच्या प्रांतांत झाला. तेथील पुरुष वसंतऋतु आला म्हणजे खांद्यावर गाठोडें टाकून पॅरिसला बांधकामावर जात आणि हिवाळ्यांत परतत. १८३० सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, नादो बापाबरोबर निघाला. बरीचशी वाट पायींच तुडविली. पॅरिसमध्यें तो जेथें उतरला त्या खोलींत सहा पलंग होते आणि बारा भाडेकरू. दुसऱ्यांचीं घरें बांधणारा माणूस अर्ध्या पलंगाचा धनी होता! पुढें हाच नादो आपल्या खोलींत रात्रीं सोबत्यांना लिहावाचावयास शिकवूं लागला. १८४९ सालीं तो विधिमंडळावर निवडून आला. १८५१ च्या सत्तापालटानंतर हद्दपार झाला. इंग्लंडांत त्यानें प्रथम गवंडीकाम आणि मग शिक्षकाचें काम केलें. १८७० नंतर परत येऊन तो आपल्याच जिल्ह्याचा अधिकारी झाला. त्याच्या आठवणी १८९५ सालीं ‘लेओनारच्या आठवणी’ या नांवानें प्रसिद्ध झाल्या.

सहा पलंग आणि बारा माणसें हा आंकडा व्हिलेर्मेनेंहि टिपला असता, आणि त्याखालीं हवेचें घनमाप लिहिलें असतें. नादो दुर्गंधि नाकारीत नाहीं. परंतु तो सांगतो, कीं ते बाराहि जण एकाच मुलुखाचे होते. काम कोठें निघालें आहे हें तेथेंच कळे. आजाऱ्याची वास्तपुस्त तेथेंच होई. नवख्या पोराला शहरांत कसें वागावें हें तेथेंच शिकवलें जाई. बाहेरच्या पाहुण्याला जी बाराजणांची गर्दी दिसली, ती आंतल्या माणसाच्या लेखीं परमुलुखांतलें त्याचें गांव होतें. ती खोली पाडून बारा जणांना बारा निरनिराळ्या स्वच्छ खोल्या दिल्या असत्या तर हवा सुधारली असती; पण गांव मोडलें असतें. खोली तशीच ठेवावी असा याचा अर्थ नव्हे. जो ती पाडावयास निघतो त्यानें आंतल्या माणसाला आधीं विचारावें, एवढाच याचा अर्थ.

पुढील इतिहास मी त्वरेनें सांगतों. १८९४ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समध्यें स्वस्त घरांच्या बांधणीस सवलती देणारा कायदा झाला. त्याचा प्रवर्तक झ्यूल सिगफ्रीद हा मूळचा म्युलूझचाच. व्हिलेर्मेनें चिखलांतल्या ज्या बायका पाहिल्या त्यांच्या गांवच्या मुलानें अर्ध्या शतकानंतर हा कायदा आणावा, यांत एक न्याय आहे. १९१२ च्या कायद्यानें नगरपालिकांना स्वतः घरें बांधण्यासाठीं मंडळें स्थापतां आलीं, आणि १९२८ च्या लूशर कायद्यानें पांच वर्षांत दोन लक्ष साठ हजार घरें बांधण्याची योजना आंखली.

त्याच सुमारास ल कॉर्बुझिए पुढें आला. १९२३ च्या ‘व्हेर झ्युन आर्शितेक्त्यूर’ या पुस्तकांत त्यानें घराला राहण्याचें यंत्र ठरविलें. १९२६ मध्यें बोर्दोजवळ पेसाक येथें त्यानें मजुरांसाठीं सपाट छपरांचीं, रुंद खिडक्यांचीं, रंगीत भिंतींचीं घरें बांधलीं. रहिवाशांनीं पुढें काय केलें? त्यांनीं खिडक्या अरुंद केल्या, गच्च्या झांकून घेतल्या, कांहींनीं उतरतीं छपरें चढविलीं. फिलिप बूदों यानें १९६९ सालीं या फेरफारांवर एक पुस्तक लिहिलें. ज्यांना कोणीं लेखणी दिली नव्हती त्यांनीं वीट आणि चुना यांनीं आपला अभिप्राय लिहून ठेवला होता. बूदोंनें तो वाचला. १९५२ सालीं मार्सेय येथें पुऱ्या झालेल्या ल कॉर्बुझिएच्या प्रचंड इमारतींत ३३७ बिऱ्हाडें असून सुमारें सोळाशें लोकांची सोय योजिली होती. फुरिएची १६२० ही संख्या येथें कोणास आठवणार नाहीं?

एवढें सगळें लिहून, बांधून, कायदे करून १९५४ चा हिवाळा उजाडला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांचा भयंकर तुटवडा होता आणि त्या वर्षीं थंडीनें कहर केला. १ फेब्रुवारी रोजीं आबे पिएर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका धर्मगुरूनें रेडिओवरून लोकांना हांक मारली. पॅरिसच्या रस्त्यावर एक बाई रात्रीं थंडीनें गोठून मेली होती, आणि जागेंतून काढून टाकल्याचा कागद तिच्या मुठींत होता. भाषण मोठें नव्हतें. गोधड्या, तंबू, शेगड्या घेऊन या, एवढीच मागणी होती. लोक आले, मदतीचा असा पूर लोटला कीं ती ठेवावयास जागा पुरेना. १८५१ सालीं ह्यूगोचें भाषण कागदावरच राहिलें होतें. एका शतकानंतर याच दुःखाविषयींचे शब्द ध्वनिलहरींवरून घरोघर पोंचले. १९५६ च्या डिसेंबरांत कायदा झाला, कीं हिवाळ्याच्या महिन्यांत भाडेकरूला जागेबाहेर काढतां येणार नाहीं. २००७ सालीं निवाऱ्याचा हक्क न्यायालयांत बजावून घेण्याची तरतूदहि झाली.

घराविषयींच्या फ्रेंच लेखनाचा विचार करतांना आपण बाल्झाकचा जिना आठवतों, झोलाची चाळ आठवतों, गोदँचा कांचेचा चौक आठवतों, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या बाईच्या मुठींतला कागद, तोहि घराविषयींचें फ्रेंच लेखनच होता. शुद्ध भाषेंत, तारीख घालून, सहीशिक्क्यानिशीं लिहिलेलें. मेर्सिएनें जीं कुटुंबें दर तीन महिन्यांनीं हलतांना पाहिलीं, त्यांना हलविणारा कागद तोच होता. पावणेदोनशें वर्षें थोर थोर लेखक या कागदाच्या विरुद्ध लिहीत होते. त्यांच्या लेखनानें तो फाटला नाहीं. वर्षांतून कांहीं महिने तो बजावतां येत नाहीं, एवढें मात्र झालें. ज्याला त्या महिन्यांत थंडीच्या रात्रीं आपल्या दाराला आंतून कडी लावतां येते, त्याला हें थोडें झालें असें वाटत नसावें.